विग आधी उलटा करून बघा

कोल्हापूरला चुलत दिराच्या लग्नात मी पहिल्यांदा विग घालून चारचौघांत गेले. दुकानातल्या आरशासमोर तो इतका छान बसला होता की तो टिकेल कसा, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मांडवात शिरल्याशिरल्या सासूबाईंनी खूण केली, मी मोठ्या काकूंच्या पाया पडायला वाकले आणि विग दोन बोटं कपाळावर उतरला. काकूंनी आशीर्वादाचा हात नेमका डोक्यावर ठेवला म्हणून तो तिथेच थांबला. पुढचे तीन तास मी एकाही वडीलधाऱ्यापुढे वाकले नाही. नवी सून फार शिष्ट आहे, असं बोललं गेलं ते वेगळंच.

दुकानात आपण ताठ बसून विग बघतो. ताठ बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून पातेलंसुद्धा घसरत नाही. खरी परीक्षा वाकताना, मान वळवताना, जांभई देताना, बसच्या खिडकीत बसल्यावर होते.

मला चाई लागली ती रुपयाएवढ्या चट्ट्यापासून. वर्षभरात डोकं, भुवया, पापण्या, हातापायांवरची लव, सगळं गेलं. याला डॉक्टर अलोपेशिया युनिव्हर्सालिस म्हणतात. फक्त डोक्यावरचे सगळे केस जातात तेव्हा अलोपेशिया टोटालिस. आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून हे होतं. केमोथेरपीमुळे ज्यांचे केस गेलेत त्यांनाही खालचं बहुतेक सगळं लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे सांगेन.

विगबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक थोडे तरी केस असलेल्यांसाठी असतात. क्लिप लावा, आतल्या केसांच्या बारीक वेण्या घाला, पिना खोचा. आपल्याकडे क्लिप अडकवायला काही नाही. गुळगुळीत डोक्यावर विग टिकतो तो तीन गोष्टींवर: माप बरोबर असणं, मागची कड डोक्याच्या फुगवट्याखाली जाणं, आणि कातडीशी घर्षण. तिन्ही गोष्टी विगच्या आत असतात. म्हणून दुकानदार वरचे केस हलवून दाखवू लागला की त्याच्या हातातून विग घ्या आणि उलटा करा.

माप घरीच घ्या

शिंप्याची मऊ टेप घ्या, मदतीला कोणाला तरी बोलवा. केस होते तेव्हाचं टोपीचं किंवा हेल्मेटचं माप कामाचं नाही, कारण केसांची जाडी गेल्यावर डोकं लहान होतं. केमोच्या बाबतीत केस गळायला पहिल्या डोसानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत सुरुवात होते. त्या आधी विग पाहून ठेवायला हरकत नाही, पण अखेरचं माप डोकं साफ झाल्यावरच घ्या.

आधी केसांची जुनी रेषा शोधायची आहे. भुवया वर उचला. कपाळाच्या आठ्या जिथे संपतात तिथेच साधारण ती रेषा होती. किंवा चार बोटं आडवी कपाळावर ठेवा: करंगळी भुवईला टेकलेली, तर तर्जनीच्या वर केस सुरू. भुवयाच नसतील तर डोळ्यावरचं हाड चाचपून त्यावर करंगळी ठेवा. मी सुरुवातीला ही रेषा दर वेळी खूप खाली धरत असे, कारण कपाळ झाकलं की सुरक्षित वाटायचं. त्याने चेहरा मात्र हेल्मेट घातल्यासारखा दिसायचा.

आता टेप त्या रेषेवरून कानांच्या वरून मागे न्या, मानेच्या खळगीच्या जरा वरून फिरवून परत पुढे आणा. हा घेर. बायकांच्या विगचं मध्यम माप साधारण ५४ ते ५७ सेंटीमीटरच्या आसपास असतं, पण प्रत्येक कंपनीचा मध्यम वेगळा, त्यामुळे आकडाच विचारा. दुसरं माप कपाळाच्या रेषेपासून डोक्यावरून मानेच्या खळगीपर्यंत. तिसरं एका कानाच्या वरपासून दुसऱ्या कानाच्या वरपर्यंत, टाळूवरून. लोक फक्त घेर मोजतात आणि फसतात. घेर जुळला पण विगची खोली, म्हणजे कपाळापासून मानेपर्यंतचं दुसरं माप, कमी पडली, तर तो दिवसभर हळूहळू वर चढत राहतो.

माझा घेर ५३ आहे. पहिल्या दुकानात मला मध्यम मापाचा विग देऊन मागचे पट्टे अगदी शेवटपर्यंत ओढून दिले होते. त्याने मागे चुण्या पडल्या, त्या मानेला टोचायच्या. मागचे पट्टे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची कसर भरून काढण्यासाठी असतात. त्याहून जास्त ओढावं लागत असेल तर माप चुकलं, लहान माप मागा.

आतली कॅप

केस ज्यावर बसवलेले असतात तो विगचा टोपीसारखा पाया म्हणजे कॅप. सगळ्यात स्वस्त विगमध्ये केसांच्या पट्ट्या इलॅस्टिकवर ओळीने शिवलेल्या असतात, मध्ये मोकळ्या फटी. हवा खेळती राहते, वजन कमी. पण हे रचलेलं असतं ते खाली केस आहेत असं धरून. उघड्या कातडीला शिलाई टोचते आणि वाऱ्यात फटींतून टाळू दिसते. आतून पातळ सुती कॅप घालणार असाल तरच घ्या.

मोनो म्हणजे मोनोफिलामेंट: पातळ जाळीवर एकेक केस हाताने गाठ मारून बसवलेला. भांग कुठेही पाडा, खाली कातडीच दिसते. फक्त गाठी आतून खरखरतात, म्हणून आतून आणखी एक मऊ थर लावलेला डबल मोनो मागा. पूर्ण हाताने विणलेली कॅप सर्वात मऊ आणि ताणली जाणारी; माझं मत विचाराल तर पूर्ण टक्कल असलेल्याने पैसे इथे घालावेत, केसांच्या लांबीवर घालू नयेत. पुढच्या कडेला लेस, म्हणजे अगदी पातळ जाळी, असेल तर कपाळाची रेषा छान दिसते, पण काहींना ती लेस दोन तासांत खाजवते. दुकानात निदान वीस मिनिटं घालून बसा. चहा मागवा, हवं तर.

आपल्या कामाची खरी गोष्ट म्हणजे ग्रिपर. काही विगच्या आत कानांच्या वर, कपाळापाशी आणि मानेपाशी सिलिकॉनच्या किंवा पीयूच्या (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) पट्ट्या असतात. त्या उघड्या कातडीला धरतात. इथे एक चूक मी स्वतः सहा महिने केली: सिलिकॉनवाला विग आणि खाली सुती कॅप. कॅप घातली की सिलिकॉन कापडाला टेकतं आणि पकड संपते.

सगळ्यात वर व्हॅक्यूम विग. डोक्याचा साचा घेऊन त्याबरहुकूम सिलिकॉनची कॅप बनवतात, घालताना आतली हवा दाबून बाहेर काढली की तो चिकटून बसतो. टेप नाही, गोंद नाही, पोहतासुद्धा येतं. पण त्यातून हवा जात नाही, किंमत डोळे पांढरे करणारी, आणि डोक्यावर बारीक खुंट जरी उगवले तरी हवाबंदपणा सुटतो. केमोनंतर केस परत येणार असतात, त्यांनी हा घेऊ नये. चाई असलेल्यांनीही औषध सुरू असेल तर थांबावं. २०२२ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला मान्यता दिली, आणि आता या जातीच्या गोळ्या आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञही काही रुग्णांना देतात. केस येतात की नाही हे कळेपर्यंत साच्यावर पैसे घालवू नका.

आणि एक सावधगिरी. आपल्याकडे बरीच दुकानं ‘पॅच’ विकतात. पॅच हा आजूबाजूच्या केसांना क्लिपने किंवा विणून अडकवायचा तुकडा असतो. पूर्ण टकलाला पूर्ण कॅपच लागते. मला एका ठिकाणी तीन पॅच जोडून देतो म्हणाले होते. मी आभार मानून जिना उतरले.

केस कुठले, रंग कुठला

सिंथेटिक विग हलका असतो, धुतल्यावर आपल्या आकारात परत येतो, काही हजारांत मिळतो आणि रोज घातला तर चार-सहा महिन्यांत टोकं झाडूसारखी होतात. खऱ्या केसांचा विग त्याच्या कित्येक पट महाग, नीट सांभाळला तर वर्षभर किंवा जास्त चालतो, पण रोज विंचरून बसवावा लागतो. नवख्या माणसाने पहिला सिंथेटिकच घ्यावा. पहिल्या विगमध्ये आपण माप, लांबी, रंग, सगळंच चुकतो. स्वस्तात चुकलेलं बरं.

खऱ्या केसांत ‘रेमी’ हा शब्द ऐकाल. केसावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक पदर असतात, ते मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने झुकलेले. तिरुपतीला मुंडणात उतरलेले लांब केस मुळाशी बांधून ठेवले की ती दिशा जपली जाते, असे केस म्हणजे रेमी. देवस्थान त्यांचा लिलाव करतं. उलट गल्लीत ‘केसांवर भांडी’ अशी हाळी देत येणाऱ्या बाया कंगव्यातले गुंते गोळा करून नेतात, त्यात उलटसुलट सगळं एकत्र झालेलं असतं. असे केस रसायनाने खवले काढून, वर सिलिकॉनचा मुलामा देऊन विकतात. दुकानात रेशमासारखे लागतात. चार वेळा धुतले की मुलामा जातो आणि मानेपाशी नारळाच्या शेंडीसारखा गुंता होतो.

रंगांना नंबर असतात. १ म्हणजे कुळकुळीत काळा, १बी म्हणजे नैसर्गिक काळा, २ म्हणजे गडद तपकिरी. आपल्याला वाटतं आपले केस काळे, म्हणून आपण १ उचलतो. उन्हात तो टोपासारखा दिसतो, नाटकातल्या. १बी किंवा २ घ्या. दाटपणाही कमी मागा. पस्तिशीतल्या बाईच्या डोक्यावर अठराव्या वर्षातला संभार संशयास्पदच. लांबी पहिल्या विगला खांद्याच्या वर. लांब केस कॉलरला घासून गुंततात आणि खुर्चीच्या पाठीला टेकले की विगला वर ढकलतात.

पकड कशी आणायची

विग घरी आणल्यावर पहिलं काम कात्रीचं. आत कंगव्यासारख्या क्लिप शिवलेल्या असतील तर धागा उसवून त्या काढून टाका. केस नसलेल्या डोक्यात त्या फक्त रुततात.

पकडीसाठी सुरुवात मखमली पट्ट्याने करा. विग ग्रिप बँड म्हणून मिळतो, मागे व्हेल्क्रो असतं. मखमलीची लव एका बाजूने कातडीला आणि दुसऱ्या बाजूने कॅपला धरते. हा पट्टा केसांच्या रेषेच्या बोटभर मागे, कानांच्या वरून नेऊन मागच्या फुगवट्याच्या खाली बांधायचा. डोकं मागे मोठं आणि मानेपाशी निमुळतं असतं, मडक्याच्या गळ्यासारखं. दोरी गळ्यात बांधली की निघत नाही, पोटावर बांधली की निसटते. घट्ट आवळू नका. अर्ध्या तासात कानशिलं ठणकू लागली तर थोडा सैल करा. सिलिकॉनचा पट्टा याहून जास्त धरतो, पण त्याखाली घाम साचतो. मी मे महिन्यात मखमल आणि लग्नकार्यात सिलिकॉन वापरते.

गुळगुळीत नायलॉनची मोज्यासारखी कॅप बहुतेक विगसोबत फुकट येते. ती केस दाबून ठेवण्यासाठी असते. टकलावर ती स्वतःच वर सरकते आणि विगलाही घेऊन जाते. टोचतंय म्हणून काही घालायचंच असेल तर सुती किंवा बांबूच्या कापडाची कॅप घ्या आणि पट्टा तिच्या वर बांधा.

जास्तीची खात्री हवी असेल त्या दिवशी टेप. विगसाठीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप मिळते, घरातली कार्पेटची टेप चालणार नाही. आधी कानामागे किंवा दंडाच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा लावून दोन दिवस बघा. लाल झालं, खाज आली तर ती टेप आपली नव्हे. केमो किंवा डोक्याला रेडिएशन सुरू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेप किंवा गोंद लावूच नका, तेव्हा कातडी फार नाजूक असते.

लावायची रीत अशी. कातडी धुऊन कोरडी करा, अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, मिनिटभर वाळू द्या. टेपचे नखाएवढे तुकडे कापा आणि विगच्या आत, जिथे प्लास्टिकसारखा गुळगुळीत भाग असेल तिथे लावा: एक कपाळाच्या मधोमध, दोन कानशिलांपाशी, हवा तर एक मानेपाशी. जाळीवर लावाल तर काढताना जाळी फाटेल. विग बसवल्यावर प्रत्येक तुकडा दहा सेकंद बोटाने दाबा, कातडीच्या उबेने तो धरतो. रात्री काढताना ओढू नका. कडेला खोबरेल तेल लावा, दोन मिनिटं थांबा, आपोआप सुटतं. मात्र नंतर डोकं साबणाने नीट धुवा. तेलाचा अंश राहिला की दुसऱ्या दिवशी टेप धरत नाही आणि आपण टेपला शिव्या घालतो.

गोंद नवख्यांनी टाळावा. नाटकवाले दाढीमिशा चिकटवायला स्पिरिट गम वापरतात तो तर रोजच्यासाठी मुळीच नको. तो तीन अंकांपुरता असतो.

घालताना

लेबल असलेली बाजू मागे. दोन्ही हातांनी कानापाशी येणारे टोकदार भाग, म्हणजे इअर टॅब, धरा. मान किंचित खाली करा, पुढची कड केसांच्या रेषेवर टेकवा, एका हाताने ती तिथेच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने मागची बाजू खाली ओढून फुगवट्याखाली न्या. पोहण्याची टोपी घालतो तसंच. मग आरशात बघून टॅब दोन्ही कानांपासून सारख्या अंतरावर आणा. विग वाकडा बसलाय का, हे केसांवरून कळत नाही, टॅबवरून कळतं. टॅबमध्ये बारीक तार असते, ती कानशिलाच्या उताराप्रमाणे आत वाकवा म्हणजे बाजूने उघडी पडत नाही. पट्टे घट्ट करायचे तर विग काढून करा, डोक्यावर असताना मागे हात घालून ओढाताण केली की एक बाजू जास्त ओढली जाते. कडेखाली एक बोट सहज गेलं पाहिजे, दोन जाऊ नयेत.

आता चाचणी. खाली वाकून जमिनीला हात लावा, पूर्ण नमस्कार. मान जोरात डावीउजवीकडे. मोठी जांभई, कारण जबडा हलला की कानशिलं हलतात. पंखा पाचवर करून समोर उभं राहा. टीशर्ट डोक्यावरून काढून बघा. मास्क लावून काढा. कानामागची दोरी केसांत अडकून टॅब बाहेर येतो, म्हणून मास्क काढताना एक बोट टॅबवर ठेवायची सवय लावून घ्या. हे सगळं झालं की घरात तीन-चार दिवस रोज दोन-दोन तास घाला, केर काढा, भांडी घासा. मगच बाहेर.

सरकतोय, पण कुठे?

‘विग राहत नाही’ एवढं म्हणून दुकानदाराकडे गेलात तर तो आणखी एक टेप विकेल. सरकण्याची दिशा बघा, कारण तिथेच सापडतं.

पुढे कपाळावर उतरतो: घेर मोठा आहे, किंवा मागचे पट्टे सैल. माझं लग्नातलं प्रकरण हेच होतं. पट्टे जास्त ओढून भागत नसेल तर कानामागच्या भागात आतून छोटी चिमटी घालून शिवून घेता येते. नेहमीच्या शिलाईवाल्या ताई करून देतात, फक्त केस सुईत येऊ देऊ नका असं सांगा.

मानेकडून वर चढतो आणि कपाळाची कड मागे जाते: खोली कमी, नाहीतर मागची कड फुगवट्याच्या वरच राहिलीय. केस लांब असतील तर आधी ते पुढे घेऊन खुर्चीत टेकून बघा. कधीकधी दोष विगचा नसून ऑफिसच्या उंच पाठीच्या खुर्चीचा असतो.

गोल फिरतो, भांग हळूहळू कानाकडे जातो: कानापासून कानापर्यंतचं माप मोठं, किंवा आतली कॅप घसरडी.

महिनाभर नीट बसणारा विग अचानक सरकू लागला तर घाबरू नका. मखमल किंवा सिलिकॉन घामाने आणि क्रीमने तेलकट झालंय. धुवा.

सरकत नाही पण डोकं दुखतं, संध्याकाळी कपाळावर लाल वळ दिसतो: लहान पडतोय. रात्रभर योग्य घेराच्या गोल डब्यावर चढवून ठेवा, थोडा सैलावतो. नाही सैलावला तर मोठा घ्या. सवय होईल म्हणून सोसू नका.

घाम, हेल्मेट, फोडणी

भुवया नसल्या की घाम सरळ डोळ्यांत येतो, हे मला कुठल्याच डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं. मखमली पट्टा थोडा घाम शोषतो. मुंबईच्या दमटपणात दोन पट्टे ठेवा, दुपारी बदला. ऑफिसच्या स्वच्छतागृहात दार लावून दोन मिनिटं विग काढायचा, ओल्या रुमालाने डोकं पुसायचं, वाळू द्यायचं, परत घालायचा. त्या दोन मिनिटांचं सुख मी शब्दांत सांगू शकत नाही. मॉइश्चरायझर रात्री लावा, सकाळी लावाल तर विग त्यावर स्केटिंग करेल. बारीक पुटकुळ्या आल्या तर त्या बऱ्या होईपर्यंत स्कार्फ. उघड्या डोक्याने बाहेर पडत असाल तर सनस्क्रीन डोक्यालाही.

पुण्यात राहून दुचाकी सोडणं शक्य नव्हतं. हेल्मेट घालताना काही होत नाही, काढताना ते विगला सोबत घेऊन येतं. यावर दोन उपाय. विगवर गुळगुळीत साटीनचा स्कार्फ घट्ट बांधा, वर हेल्मेट. काढताना एका हाताने कपाळापाशी स्कार्फ धरा आणि हेल्मेट मागून पुढे कलतं करत काढा. दुसरा उपाय मला जास्त पटतो: सुती कॅपवर हेल्मेट घालायचं आणि विग डब्यातून न्यायचा. मी मिठाईचा एक किलोचा रिकामा डबा वापरते. एकदा ऑफिसात कोणीतरी पेढे समजून उघडला, त्यानंतर मला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. विगसकट हेल्मेट घालणार असाल तर हेल्मेट विग घालूनच निवडा, पण फार फुगीर विगवर हेल्मेट नीट बसत नाही, आणि तिथे तडजोड नको.

लोकलच्या गर्दीत केस पुढे घेऊन सैल वेणी घाला, नाहीतर कोणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकतात.

स्वयंपाकघर हा सिंथेटिक विगचा शत्रू. ओव्हनचं दार उघडताना येणारा झोत, कुकरची वाफ, फुलका फुगवताना गॅसवर वाकणं. यातल्या कुठल्याही एकाने पुढच्या बटा क्षणात आखडून खरखरीत होतात आणि परत सरळ होत नाहीत. घरी स्कार्फ बांधा. दिवाळीत फुलबाज्यांपाशी तर नक्कीच.

गजरा माळता येतो. तो फक्त वेणीत किंवा अंबाड्यात यू पिनने खोचा, कॅपच्या जाळीत पिन घालू नका. जड गजरा मागे ओढतो, त्या दिवशी कपाळाला टेप लावा. उंच अंबाडा घालायचा मोह झाला तर मागून आरसा धरून बघा. मानेची कड उघडी पडते. आपल्या आज्या गंगावन लावून वेणी जाड करायच्या, तसं विगच्या वेणीलाही गंगावन जोडता येतं, पण वजन वाढतं हे ध्यानात ठेवा. भांगात कुंकू भरत असाल तर मोनोच्या जाळीवर डाग राहतो.

विमानतळावर सुरक्षा तपासणीत डोक्याला हात लावायला सांगू शकतात. ‘विग आहे, आडोशाला तपासा’ एवढं म्हणा. एमआरआयच्या आधी विग काढावाच लागतो, टॅबमधल्या तारेमुळे. सोबत टोपी न्या.

पैशाचंही सांगते. कॅन्सरवर उपचार चालू असतील तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा. दान केलेल्या केसांचे विग देणाऱ्या संस्था मुंबईसारख्या शहरांत आहेत आणि त्यांचे पत्ते तिथे मिळतात. अमेरिकेत असाल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘क्रेनियल प्रॉस्थेसिस’ (डोक्यासाठीचं कृत्रिम साधन) असं लिहून घ्या, विमा कंपन्या विग म्हटलं की नाक मुरडतात. इंग्लंडमध्ये एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, ठरावीक शुल्कात विग मिळतो, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्याला शुल्क नाही.

धुणं आणि ठेवणं

सिंथेटिक विग आठ-दहा वेळा घातल्यावर धुवा, उन्हाळ्यात लवकर. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरून घ्या. बादलीत गार पाणी, चमचाभर सौम्य शाम्पू, पाच मिनिटं बुडवा, चोळू नका, पिळू नका. गार पाण्यातून काढून टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत स्टँडवर वाळवा. ओला असताना विंचरायचा नाही. खऱ्या केसांनाही तेल लावायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. पट्टा आणि आतली कॅप मात्र रोज रात्री धुवायची, आणि सिलिकॉनच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसायच्या.

विग काढताना मानेकडून उचला, पुढून ओढलात तर लेसची कड सैल होते. झोपताना काढा. पलंगाशेजारी ठेवू नका, घरी आलेली माझी भाची पहाटे त्याला मांजर समजून उठवायला गेली होती.

नवा विग आणला की लेबलावर आतून पक्क्या शाईने महिना आणि साल लिहा. जुना फेकू नका. रंगपंचमी, धबधब्याखाली जाणं, जुलैतला पाऊस, पाहुण्यांनी अचानक वाजवलेली बेल, या सगळ्यांसाठी तो दाराच्या मागे खुंटीवर असू द्या.